पर्यायी व्यवस्था

विश्वनाथाच्या दर्शनाच्या रांगेत माझ्यापुढे रुची आणि ऋतुराज होते, एकाच कॉलेजच्या सर्व्हर-रूममधले.

“मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर टाकलंस ना? आज निकाल आहे. साइट बंद पडली तर नोकरी गेली आपली.”

“सकाळीच टाकलं, ऋतू. एक सर्व्हर पडला की दुसरा काम उचलतो. दोन्ही पडले तर माझा फोन वाजतो.”

“फोन कुठाय?”

“फुलवाल्याच्या लॉकरमध्ये. आत कुठे नेऊ देतात? मी नाही उचलला तर तुझा वाजेल.”

“माझाही तिथेच आहे, यार!”

“टेन्शन नको घेऊस. मग देवदत्तसरांचा वाजेल.”

“ते बघ पुढे. हात जोडून उभेत.”

“सर! तुम्ही इथे?”

“निकाल सुरळीत लागू दे म्हणून आलो. म्हटलं, सर्व्हरपाशी तुम्ही दोघं आहातच.”