हेनीआजींचं पार्टिशन

डीमन या डच गावातल्या ट्राममध्ये मराठी ऐकू आलं आणि मेधाने मोबाइल खाली ठेवला. समोर दोघीजणी बसल्या होत्या.

"लाखेवर कोरीवकाम केलेलं, शंभर वर्षांचं घडीचं चिनी पार्टिशन, आणि मी त्यावर ओल्या साड्या वाळत घालायचे!"

"अगंबाई! सुचेताताई, होतं कुणाचं?"

"शेजारच्या हेनीआजींचं. तेव्हा एका खोलीत आम्ही दोघं आणि सासूबाई, म्हणून त्यांनीच आडोशाला दिलेलं."

"साड्या बघून रागावल्या नाहीत?"

"छे! गुपचूप कपडे वाळवायचा स्टँड आणून ठेवला. परवा त्यांच्या वृद्धाश्रमात पार्टिशन परत पोचवलं, लख्ख पुसून. तर बघून म्हणाल्या, साडी कुठाय?"

"मग?"

"ही काय, पिशवीत. आज त्यांच्याकडेच निघालेय."

"ओली नाही ना?"

"नाही गं! वीस वर्षांनी तरी कोरडी नेते."