डेसच्या पोटाचं औषध

नाही नाही, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. सत्तर किलोमीटर गाडी हाकत आलात, होल्गेट, ते काय नुसती उरलेली औषधं न्यायला? तुमच्या औषधाच्या दुकानात आणून टाकली असती मी. त्या दिवशी मंगळवार होता, चादरी वाळत घालत होते, आणि शेजारचा क्लॅरी येऊन टोपी काढून उभा राहिला. क्लॅरी कधी टोपी काढत नाही — चर्चमध्येसुद्धा त्याला सांगावं लागतं. तेव्हाच कळलं, माझा नवरा गेला, डेस गेला. तळ्याच्या गाळात गाय रुतली होती, पाय मोडलेला. अशा जनावराला गोळी घालून हालांतून सोडवायचं असतं, तुम्हाला काय सांगायचं. डेस नुसता दोर घेऊन तिला ओढून काढायला गेला. तिने तडफडून त्याला गाळात अंगाखाली घेतलं. पोलिसांनी विचारलं, बंदूक का नेली नाही? मी म्हटलं, काय माहीत.

औषधाच्या गोळ्या ना — ह्या घ्या. दोन वर्षं दोन घास खाल्ले की त्याचं पोट टम्म. नळी घालून पाहिलं, काही सापडलं नाही, मग ह्या सुरू झाल्या. पोटाच्या आहेत, म्हणाला. मी खोक्यातला कागद वाचला, तर नैराश्यावर म्हणून छापलेलं. मला वाटलं, लपवतोय. दुष्काळात आमच्याच रस्त्यावरच्या दोघांनी स्वतःचं काय करून घेतलं, माहीत आहे ना — तेही काही बोलले नव्हते. आणि महिन्याभरात हा मटणाचे दोन-दोन चॉप खायला लागला, शीळ घालायला लागला. म्हणतात ना, ज्यांचं ठरलेलं असतं ती माणसं शेवटी अशीच खुलतात? मी तर —

काय म्हणालात? उदासीसाठी याच्या कितीतरी पट लागतं? एवढीशी मात्रा फक्त पोटाच्या नसा शांत करायला?

म्हणजे पोटाच्याच होत्या.

काही नाही, बसा. बंदुकीच्या कपाटाची किल्ली मी उचलून लपवली होती — शीळ ऐकली त्याच दिवशी. मंगळवारी सकाळी त्याने सगळं घर उलथंपालथं केलं. "तू पाहिलीस का गं?" मी नाही म्हटलं. "म्हातारा झालो, दुसरं काय," म्हणाला आणि हसला. जनावराचे हाल होतायत म्हणून थांबला नाही.

निघा आता. उन्हं उतरली की कांगारू रस्त्यावर येतात. विचारलं असतं तर काउंटरवर उभ्या उभ्या सांगितलं असतंत तुम्ही, हो ना? तुम्हाला विचारलं नाही. डेसलाही विचारलं नाही.