बटणांचा चौकोन

— नाही रे, वाचलं मी त्यांच्या स्मृतिसभेचं तुझं पत्रक, दोनदा वाचलं. ‘गणितातलं सौंदर्य कुणालाही शिकवता येतं’ — वर हेच छापलंयस ना? सरांचं वाक्य. म्हणायचे ते, खोटं कशाला बोलू — वर्गात, सभेत, तुम्हा विद्यार्थ्यांसमोर. आणि घरात? तुम्ही चौघं याच खोलीत बसला होतात, मी चहा घेऊन आले, म्हटलं, मलाही सांगा की एकदा, एवढे कशानं खूश झालात — तर हसून म्हणाले, ‘तुला नाही दिसायचं ते, तू आपली शिलाई बघ.’ तुम्हीही हसलात. तू हसलास का? — असू दे, तीस वर्षं झाली. मी शिलाईच बघितली. मशीनचा आवाज नको व्हायचा त्यांना, म्हणून आतल्या खोलीत, दार लावून.

मग तो झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. व्यायाम घेणारी बाई म्हणाली, बोटांनी बटणं उचलायला लावा — बटणांना काय तोटा आमच्याकडे! ताटात ओतून द्यायची, ते एकेक उचलायचे, मी शेजारी काजं करत बसायची. एक दिवस बघते तर — एक पांढरं बटण, त्याच्या दोन बाजूंनी कोपरा धरून तीन काळी लावलेली, झाला चौकोन. त्याला तशीच पाच पांढरी — पुन्हा चौकोन. मग सात काळी. त्या लुळ्या हाताला तासभर तरी लागला असेल. आणि बोट टेकवून माझ्याकडे बघत राहिले. मला आधी वाटलं, खेळताहेत लहान मुलासारखे. मग मोजलं — एक, तीन, पाच, सात — म्हणजे नऊ लावली तर? अरे, पुन्हा चौकोनच! दर वेळी दोन्ही बाजू एकेकानं लांबतात ना, म्हणून दोन जास्त लागतात, बस्स, एवढंच — कितीही वाढव, चौकोन मोडायचा नाही. कुणी सांगितलं नाही रे मला. सर्रकन काटा आला अंगावर. साठीची बाई मी, सुई हातात तशीच. आणि त्याच क्षणी असा राग आला — हे असं होतं? एवढं साधं? आणि इतकी वर्षं मला —

काय केलं विचारतोस? ते बघत होते, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे. आणि मी म्हटलं, ‘काय हा पसारा!’ तळहातानं सगळी बटणं डब्यात लोटली. कळलं होतं मला. पुरतं कळलं होतं. त्यांना वाटलं, नाही कळलं. दुसऱ्या दिवशी मीच काळी-पांढरी निवडून ताट पुढं ठेवलं — हात लावला नाही त्यांनी. मी म्हटलं, ‘अहो, नऊ लावा ना’ — भिंतीकडे तोंड केलं. ऐकलं की नाही, कोण जाणे. महिन्याभरात गेले.

वही मिट ती. हे लिहून घ्यायला नाही सांगितलं. सभेत चार शब्द बोला म्हणतोस, काय बोलू? शिकवता येतं का? — येतं बाबा, येतं. पण — नाही, मी नाही येणार. ऊठ आता, संध्याकाळी गिऱ्हाइकांचे कपडे द्यायचेत मला.