रिकामा ट्रे

(पंपाचा छोटा कारखाना. जोडणीच्या टेबलामागे एक पिंप.)

मुलगी : झाकण नका लावू, काका. बघितलंय मी.

काका : पिंपात काय बघायचं असतं? भंगार आहे.

मुलगी : भंगार नाही, शाफ्टवर बसायचे पितळी बुश आहेत. मी लेथवर कातलेले.

काका : मग तूच कातणार. बापाचं मशीन आता तुझ्याकडेच आहे.

मुलगी : ते पंपात असायला हवेत, पिंपात कसे? रोज सकाळी तुम्ही मला रिकामा ट्रे आणून देता. ट्रे रिकामा म्हणजे त्यातला माल पंपात गेला, आता पुढचा कात. बाबांचा नियम आहे हा.

काका : त्याचा नियम मला शिकवू नकोस, पोरी. त्याने तो काढला तेव्हा सगळ्यात जास्त भांडलो तो मीच. म्हटलं, मिस्त्री, पुढच्याने ट्रे पाठवला नाही म्हणून मी हात बांधून बसायचं? बायको विचारेल, तुम्ही कामावर जाता की कुणाच्या लग्नाला.

मुलगी : मग?

काका : म्हणाला, बसा. पुढच्याला नको ते करण्यापेक्षा बसलेलं बरं. काय करणार, बसलो. शिव्या देत बसलो. पण पुढे वाटेतले ढीग गेले, ठेचा लागायच्या थांबल्या.

मुलगी : विषय बदलू नका. पिंप कसं भरलं?

काका : पंपांची मागणी घटलीय. मला दोन-तीन दिवसांनी एक ट्रे पुरतो.

मुलगी : आणि देता रोज.

काका : पहिल्या दिवशी नव्हता दिला. तू स्टुलावर बसलीस, मशीनकडे तोंड करून. डबा उघडला नाहीस, पाणी प्यायली नाहीस. जेवणाची सुट्टी झाली तरी तशीच. मला बघवेना. माझ्याकडचा भरलेला ट्रे पिंपात ओतला आणि तुझ्यापुढे आणून ठेवला. मशीन सुरू झालं तसा तुझा चेहरा जरा माणसात आला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आजच्यापुरतं.

मुलगी : म्हणजे ते सगळे ट्रे खोटे.

काका : सगळे नाही. बरेचसे.

मुलगी : बाबांना दिला असतात असा ट्रे?

काका : त्याने तोच माझ्या डोक्यात घातला असता.

मुलगी : आणि मला वाटायचं, कुणीतरी मागतंय. घरी आता कुणी काही मागत नाही, काका. आई पुढ्यात येईल ते खाते. चहा हवा का विचारलं तर म्हणते, तुला हवा असेल तर कर. इथे ट्रे आला की वाटायचं, चला, एका माणसाचं तरी माझ्यावाचून अडलंय.

काका : चुकलं माझं.

मुलगी : आता हा बुश शाफ्टवर घालून दाखवा.

काका : राहू दे ना.

मुलगी : घाला.

काका : नाही जात.

मुलगी : म्हणजे हेही तुम्हाला माहीत होतं.

काका : पंपात गेले ते एकेक आतून घासून बसवले. पॉलिश पेपरने. म्हटलं, मशीन म्हातारं झालं, आपल्यासारखं.

मुलगी : मशीन ठीक आहे. भोक कापणारं टूल झिजलंय. मी बदललं नाही.

काका : का? शाळेत होतीस तेव्हापासून टूल लावता येतं तुला.

मुलगी : ते बाबांनी लावलंय. दवाखान्यात गेले त्याच्या आदल्या दिवशी. तिथे नंतर कुणाचा हात लागलेला नाही. मी नुसतं चाक फिरवते.

काका : गेज तरी लावून भोकाचं माप बघायचं.

मुलगी : गेज खणातच ठेवलं. बाहेर काढलं असतं तर टूल बदलावं लागलं असतं.

काका : शाबास. म्हणजे तू मला झिजलेल्या टूलचा माल पाठवायचीस, मी तुला खोटे ट्रे पाठवायचो. आणि जेवताना दोघंही सांगतोय, मिस्त्रींचा नियम कसा काटेकोर चाललाय.

मुलगी : त्यांनी पहिल्याच ट्रेला पकडलं असतं.

काका : पकडलंच असतं. एवढ्या ढिगात कुणाला काय दिसणार?

मुलगी : हे सगळं वाया का आता?

काका : छे. भोक लहान राहिलंय, मोठं नाही झालेलं. नव्या टूलने एक हलका काप घेतलास की बसतील. पण सगळे एकदम नकोत. मी मागेन तसे.

मुलगी : आज मागताय?

काका : आज नको.

मुलगी : उद्या?

काका : उद्याही नको लागायचे, बाळा.

मुलगी : मग मी काय करू?

काका : बस.

मुलगी : तेच जमत नाही. मशीन थांबलं की ते नाहीत हे ऐकू येतं.

काका : मला नाही येत? सगळी नोकरी मी त्या मशीनकडे पाठ करून केली. आवाज येतोय म्हणजे तो आहे, मागे वळून बघायचं कारणच नाही. तुझ्यासाठी ट्रे ओतले म्हणालो ना मघाशी? ते निम्मंच खरं आहे.

मुलगी : काका.

काका : असू दे. ट्रे नसला की तोही इथेच येऊन बसायचा, माझ्या टेबलापाशी. फार बोलायचा नाही. तू पण ये.

मुलगी : येते. आधी ते टूल काढते.

काका : नंतर काढ. घाई नाही.

मुलगी : नंतर माझ्याने नाही होणार. पाना कुठेय?

काका : घे. टोकाला धर, जोर कमी लागतो.

मुलगी : हलत नाहीये. किती आवळून ठेवायचे हो बाबा.

काका : मी सोडवून देऊ?

मुलगी : नको.

काका : मग सावकाश कर. मी तिकडे बघत नाही.