कॉम्प्युटर बिघडला नव्हता

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील माझे डॉक्टर मित्र, आणि माझ्या दवाखान्याच्या बाकावर ताटकळून ज्यांच्या कमरा अवघडल्या ते समोरचे तुम्ही सगळे,

सत्कार माझा आहे, हे पत्नीने गाडीत मला दोनदा सांगितलं. पण सत्कार कशाचा, याचा माझ्या मनात अजून गोंधळ आहे. आजपासून दवाखाना आमच्या सूनबाई, म्हणजे धाकट्या डॉक्टर, बघतील. मी थांबतोय ते वयामुळे नाही. ते सांगायलाच उभा राहिलोय.

गेल्या वर्षी सूनबाईंच्या हट्टाने केसपेपर गेले आणि टेबलावर कॉम्प्युटर आला. तो सांभाळायला कंपनीने एक मुलगी दिली. ती बघा, मागे दाराजवळ बसलीय. अगं, पळायच्या बेतात दिसतेस, बस जरा!

तिला मी फोन करकरून भंडावून सोडलं. "तुमचं यंत्र माझ्या नावाने काहीबाही लिहितंय. हा पेशंट मी तपासलेलाच नाही!" ती म्हणायची, "बघते, डॉक्टरसाहेब." तिने वायरी बदलल्या, पासवर्ड बदलला. मी तर रिसेप्शनच्या बाईंवरही संशय घेतला. इतक्या सरळ बाईवर!

शेवटी ती एक दिवस माझ्या शेजारी स्टूल टाकून बसली. दुपारी एक आजोबा पथ्य विचारायला आले. मी नोंद उघडली आणि उसळलोच. "हे बघ! यांना मी आज पहिल्यांदा बघतोय, आणि इथे सकाळची तपासणी लिहिलेली!"

आजोबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तिने त्यांना बाहेर बसवलं, दार लोटून घेतलं.

"सापडला ना बिघाड?" मी विचारलं.

"बिघाड नाहीये, काका. सकाळी तुम्हीच लिहिलंत. मी इथेच होते."

तोवर मी डॉक्टरसाहेब होतो. आता एकदम 'काका', आणि तेही हळू आवाजात. वाईट बातमी देताना माणसाचा आवाज असा खाली येतो. मीच तो किती जणांसमोर वापरलाय.

"तू डॉक्टर आहेस का?" मी ओरडलो.

"नाही," म्हणाली, आणि रडायलाच लागली. मग तिला पाणी मी दिलं. आता यात कोण कुणाला सावरत होतं, तुम्हीच सांगा.

तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे. सूनबाईंनी माझी एकेक नोंद तपासली. एका बाईंना रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट गेल्या होत्या. चक्कर येऊन पडल्या, हात मोडला. मी माफी मागायला गेलो, तर त्याच मला धीर देत बसल्या. पण कॉम्प्युटर येण्याआधी काय काय झालं असेल? कुणाला विचारू? माझ्या डोक्याला विचारण्यात तर अर्थ नाही.

या मुलीवर रागवावं की तिचे आभार मानावेत, माझं रोज वेगळं ठरतं. आज आभार मानतो. उद्या उलटलो तर तिने आजचं धरावं.

अध्यक्षांचे आभार मानले का मी? नाही? मग मनापासून मानतो. मित्रांचे, सूनबाईंचे, तुम्हा सगळ्यांचेही. बोलण्यात कुणाचा उल्लेख राहिला असेल तर पोटात घाला. आणि पुढे कधी रस्त्यात समोर येऊनही मी ओळख दाखवली नाही, तर शिष्टपणा समजून निघून जाऊ नका. थांबा, हात धरा आणि तुमचं नाव सांगा.