लाजराचा धडा

कीर्तनाला कौंडण्यपूरला निघालो होतो. अमरावतीच्या बसस्थानकावर शेजारी एक बाप बसला होता. त्याच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं अस्थींचं मडकं आणि बाजूला मिशनच्या शाळेचा स्वेटर घातलेली लेक.

"बिस्कूट खाय कनक. सकाळपासून उपाशी हायेस."

"नाई पायजे."

"तीन दिवस झाले, माह्यासंग बोलून नाई राहिली. काय केलं मी?"

"आईले जाळलं तुमी."

"अवं, सगळ्यायलेच जाळतात आपल्यात."

"आमाले पाचवीत सिस्टरनं शिकवलं. लाजर नावाचा मानूस मेला. त्याले जाळलं नाई, गुहेत ठेवलं. चौथ्या दिवशी येशूनं हाक मारली, तं तो चालत बाहेर आला."

"गोष्ट हाये ते, बेटा."

"गोष्ट नाई. परीक्षेत येते."

"बरं."

"आज चौथा दिवस हाये, बाबा. आता हाक मारली तं आई कशी येईन?"

गाडी लागली. माणसं चढू लागली. तो उठला नाही.

"बोला ना, बाबा. कावून नाई ठेवलं तिले?"

"मले मालूम नवतं, माय. मी पाचवीत गेलोच नाई."