मीनाची लाडकी संख्या

माझी बायको मीना गेल्यावर तिचा फोन काही केल्या उघडेना, हे मी तुम्हाला सांगितलं होतं ना? शाळेतल्या मुलांसाठी तिने बोलून ठेवलेले गणिताचे धडे त्यात होते. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. सहा आकडी पासवर्ड म्हणून वाढदिवस, लग्नाची तारीख, सगळं चुकलं. आता एकच प्रयत्न उरला होता. तोही चुकला की सगळं पुसलं जाणार.

तेवढ्यात घोडेगावहून मेहुणी सुरेखा आली. म्हणाली, "दाजी, आक्काची लाडकी संख्या हाय ना, १४२८५७! दोननं गुना, तीननं गुना, तेच आकडे जागा बदलून येत्यात. तीच दाबा."

मी दाबणारच होतो. मग आठवलं, कणीक मळताना मीना करंगळीने एकाच जागी टकटक करून फोन उघडायची. म्हणजे आकडा एकच होता.

"आणि सातने गुणलं तर?" मी विचारलं.

सुरेखाने कागदावर गुणाकार केला. "आगं बया, सगळे नऊ!"

मी सहा वेळा नऊ दाबला. फोन उघडला. मी पहिला धडा लावला.

"व्हय दाजी, नुस्तं नऊच दाबायचं हुतं, तर मला गुनाकार कशाला करायला लावला?"

मी उत्तर देण्याआधी फोनमधून मीनाच बोलली, "बडबड बंद. पाटी काढा."

सुरेखाने कागद उलटून कोरी बाजू पुढ्यात घेतली.